पॅकेज टाकलंय, तरी ‘सापडत नाही’ म्हणतो: सोर्समधून बिल्ड करताना एरर कुठून वाचायची

प्रश्न थोडक्यात असा. घणसोलीला राहणारा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. आजोबांनी जपून ठेवलेले जुने दिवाळी अंक त्याने स्कॅन केलेत आणि त्यातला मजकूर टेसरॅक्टने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने, काढायचाय. लॅपटॉपवर उबुंटू 22.04 आहे. तिथे एपीटीने, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज टाकणाऱ्या कमांडने, टेसरॅक्ट 4.1.1 मिळतो, याला 5 हवाय, म्हणून सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून त्यातून प्रोग्राम बिल्ड करायला घेतला. कॉन्फिगर (बिल्डला लागणारं सगळं मशीनवर आहे का ते तपासणारी स्क्रिप्ट) म्हणतो, ‘लेप्टोनिका 1.74 किंवा त्यापुढचं हवं, लिबलेप्टोनिका-डेव्ह टाकून बघा.’ लेप्टोनिका ही टेसरॅक्टला लागणारी, चित्रं हाताळणारी लायब्ररी. तिचं पॅकेज तर तीनदा टाकून झालं. मग मित्राच्या सांगण्यावरून लेप्टोनिकाचे फ्लॅग (कम्पायलरला द्यायच्या सूचना) हाताने दिले, लायब्ररीचा पाथही एक्स्पोर्ट केला, तेव्हा कॉन्फिगर पार पडला. पण प्रत्यक्ष बिल्ड चालवणारा मेक शेवटी ‘एरर 2’ देऊन थांबला. दोन संध्याकाळी गेल्या. ‘ताई, उबुंटूच पुन्हा टाकू का?’

नको. पुन्हा टाकलंस तर अख्खा रविवार जाईल, आणि नंतर सवयीने ॲनाकोंडा, म्हणजे पायथनचा तो मोठा संच, टाकलास की हीच एरर परत दारात उभी राहील. तुझं उबुंटू ठणठणीत आहे. दोन्ही एररचं मूळ एकच आहे आणि ते तू पाठवलेल्या कॉन्फिग.लॉगमध्ये अगदी वरच दिसतं. उत्तर दोन ओळींत देता आलं असतं, पण तिथवर कसं पोचायचं ते सविस्तर सांगते. उद्या टेसरॅक्टच्या जागी दुसरं काही असेल आणि तेव्हा विचारायला कोणी जागं नसेल.

मी ठाण्याला राहते आणि 19 वर्षं ऐरोलीला बिल्ड आणि रिलीजचंच काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेला सोर्स आणायचा, आमच्या मशीनवर बांधायचा, तुटला तर का तुटला ते शोधायचं. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट दाखवते: स्क्रीनवरची शेवटची ओळ वाचून उपाय शोधायला धावायचं नाही. बिल्ड पडला एवढंच ती ओळ सांगते. का पडला, ते वर असतं, कधी दहा ओळी वर तर कधी दोन हजार.

तुझं ‘एरर 2’ घे. मेक स्वतः काही कम्पाइल करत नाही. तो दुसऱ्यांना कामाला लावतो. आतल्या फोल्डरमध्ये कम्पायलर पडला की तिथला मेक ‘एरर 1’ म्हणतो. त्याला बोलावणारा बाहेरचा मेक मग ‘एरर 2’ म्हणून हात वर करतो. म्हणजे तू फोटो काढून पाठवलास तो निरोप्याच्या निरोप्याचा. तो इंटरनेटवर शोधलास तर जगातल्या प्रत्येक फसलेल्या बिल्डची पानं समोर येतील, आणि त्यातलं कुठलंही तुझं नसेल.

म्हणून मेक चालवताना आउटपुट फाइलमध्ये घ्यायचं: मेक 2>&1 | टी बिल्ड.लॉग. मग त्या फाइलमध्ये ‘एरर’ हा शब्द वरून खाली शोधायचा आणि पहिल्या जागी थांबायचं. एक काळजी घ्यायची. मेकला ‘-जे 8’ देऊन आठ कामं एकदम सुरू असतील तर त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि पहिली एरर कुठली हेच कळत नाही. अशा वेळी मेक पुन्हा एकदा ‘-जे 1’ ने चालव. झालेलं काम तो परत करत नाही, त्यामुळे थेट पडलेल्या जागी जाऊन पडतो आणि चित्र स्वच्छ दिसतं.

दुसरं म्हणजे गाडी कुठल्या स्टेशनवर अडली ते आधी ठरवायचं. ऑटोजेन (कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणं), कॉन्फिगर, कम्पाइल, लिंक (तुकडे आणि लायब्ररी जोडणं), इन्स्टॉल आणि शेवटी प्रत्यक्ष चालवणं, या क्रमाने सोर्सचा प्रोग्राम होतो. ‘मॅक्रो अनडिफाइन्ड’ किंवा कॉन्फिगरमध्येच ‘सिंटॅक्स एरर, लेप्टोनिका स्वल्पविराम’ असलं विचित्र काही आलं तर अडचण ऑटोजेनच्या पायरीवरची आहे. लिबटूल किंवा पीकेजी-कॉन्फिग टाकलेलंच नसतं, म्हणून त्यांचे मॅक्रो न उलगडता तसेच स्क्रिप्टमध्ये उतरतात. ‘नो सच फाइल’ म्हणून हेडरचं (लायब्ररीतल्या फंक्शनांची ओळख देणाऱ्या फाइलचं) नाव आलं तर कम्पाइल. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आलं तर लिंक. ‘शेअर्ड ऑब्जेक्ट उघडता येत नाही’ आलं तर बिल्ड केव्हाच झालाय, अडचण चालवण्याची आहे. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम होतं, कारण लिंकरच्या एररवर हेडरचं पॅकेज टाकत बसणं थांबतं.

आता तुझी एरर. ‘लिबलेप्टोनिका-डेव्ह टाकून बघा’ हे वाक्य टेसरॅक्ट लिहिणाऱ्यांनी स्क्रिप्टमध्ये आधीच लिहून ठेवलेलं आहे. लेप्टोनिका सापडली नाही, मग कारण काहीही असो, ते हेच वाक्य छापतं. तो त्यांचा अंदाज आहे. बहुतेकांच्या बाबतीत तो बरोबर ठरतो, तुझ्या बाबतीत ठरला नाही. कॉन्फिगरने तुझ्या मशीनवर खरोखर काय करून पाहिलं ते कॉन्फिग.लॉगमध्ये उतरलेलं असतं.

ही फाइल उघडली की लोक सवयीने तळाशी जातात आणि घाबरतात, कारण तळाशी शेकडो व्हेरिएबलची यादी असते. ती सोड. ‘कॅश व्हेरिएबल्स’ अशी चौकट दिसेल, तिच्या वर ये. तिथे तुझ्या लॉगमध्ये स्पष्ट लिहिलंय की पीकेजी-कॉन्फिगच्या शोधायच्या जागांत ‘लेप्ट’ नावाचं पॅकेज सापडलं नाही, लेप्ट.पीसी ही फाइल जिथे असेल ते फोल्डर पीकेजी-कॉन्फिगच्या पाथमध्ये घाला. म्हणजे कॉन्फिगर लेप्टोनिकाची लायब्ररी शोधतच नव्हता. तो पीकेजी-कॉन्फिगला विचारत होता, आणि पीकेजी-कॉन्फिग एक छोटी मजकुराची फाइल शोधत होता. लायब्ररीची आवृत्ती कोणती, हेडर कुठे, लिंक करताना कुठले फ्लॅग द्यायचे एवढंच त्या फाइलमध्ये असतं.

पॅकेजने कुठली फाइल कुठे ठेवली ते डीपीकेजी सांगतो. ‘डीपीकेजी -एल लिबलेप्टोनिका-डेव्ह’ (यातला एल कॅपिटल) म्हटलंस की त्या पॅकेजने ठेवलेल्या सगळ्या फाइल दिसतात, आणि त्यात लेप्ट.पीसी आहे: यूएसआर, लिब, त्याखाली तुझ्या आर्किटेक्चरच्या नावाचं फोल्डर, त्यात पीकेजीकॉन्फिग. फाइल जागेवर आहे. मग विचारणाराच चुकीच्या घरी गेला असणार.

मी तुझा लॉग काल संध्याकाळी ऐरोलीहून घरी येताना गाडीत फोनवर उघडला. कॉन्फिग.लॉगच्या सुरुवातीला ‘प्लॅटफॉर्म’ म्हणून एक भाग असतो आणि त्यात कॉन्फिगर चालताना पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या यादीत, कुठकुठली फोल्डरं होती ती एकेका ओळीत, क्रमाने लिहिलेली असतात. तुझ्या यादीची पहिलीच ओळ होती तुझ्या होममधलं ॲनाकोंडा3, त्यातलं बिन. दिघा गाव यायच्या आत उलगडा झाला. टर्मिनल उघडल्याबरोबर प्रॉम्प्टच्या डावीकडे कंसात ‘बेस’ दिसतं ना, तेच हे. ॲनाकोंडाच्या त्या बिनमध्ये त्याचा स्वतःचा पीकेजी-कॉन्फिग आहे, कधीतरी दुसऱ्या पॅकेजसोबत आलेला. तो पाथमध्ये आधी येतो, म्हणून कॉन्फिगर त्यालाच विचारतो. आणि तो फक्त ॲनाकोंडाच्या फोल्डरांत बघतो. उबुंटूची लेप्टोनिका त्याच्या गावीच नाही.

खात्री करून घे. ‘टाइप -ए पीकेजी-कॉन्फिग’ टाक, एकाहून जास्त पत्ते दिसतील, पहिला ॲनाकोंडाचा. मग ‘कोंडा डीॲक्टिव्हेट’ कर, तीच कमांड परत दे, फक्त उबुंटूचे पत्ते उरतील. आता ‘पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन लेप्ट’ विचार. 1.82.0 असं उत्तर येईल. हे उत्तर आल्याशिवाय कॉन्फिगरला हात लावू नकोस. मोठी स्क्रिप्ट दहा वेळा चालवण्यापेक्षा ती ज्याच्यावर अवलंबून आहे त्या एका कमांडला थेट विचारलेलं केव्हाही बरं.

मित्राचा उपाय का फसला तेही बघ, कारण त्यात शिकण्यासारखं आहे. लेप्टोनिकाचे फ्लॅग हाताने दिले की कॉन्फिगर पीकेजी-कॉन्फिगला विचारतच नाही, दिलेलं खरं मानतो आणि पुढे जातो. कॉन्फिगर पार पडला, पण मूळ गोंधळ तसाच राहिला आणि लिंकपर्यंत पोचला. तुझ्या बिल्ड.लॉगमधली पहिली एरर आहे टिफच्या, म्हणजे टिफ चित्रं वाचणाऱ्या लिबटिफ लायब्ररीच्या, एका फंक्शनला ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, आणि नावापुढे ॲट लावून ‘लिबटिफ 4.0’. ती शेपटी महत्त्वाची आहे. उबुंटूच्या लिबटिफमध्ये प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का असतो, आणि उबुंटूची लेप्टोनिका त्या शिक्क्यासकट फंक्शन मागते. तू एलडी-लायब्ररी-पाथ ॲनाकोंडाच्या लिबकडे वळवलास, त्यामुळे लिंकरला तिथली लिबटिफ आधी मिळाली. तिच्यात फंक्शन आहे, शिक्का नाही. म्हणून ‘टिफ तर आहे, मग अनडिफाइन्ड कसं?’ असा तुझा प्रश्न. अनडिफाइन्ड रेफरन्समध्ये नावाला ॲटची शेपटी दिसली की समजायचं, लायब्ररी आहे पण दुसऱ्याच घरची.

तेव्हा कर एवढंच. टर्मिनल बंद करून नवीन उघड म्हणजे सगळे एक्स्पोर्ट जातील, आणि ते बॅशआरसीमध्ये, म्हणजे टर्मिनल उघडताना चालणाऱ्या फाइलमध्ये, लिहिले असशील तर तिथूनही काढ. कोंडा डीॲक्टिव्हेट. मेक डिस्टक्लीन, कारण जुन्या फ्लॅगने बांधलेल्या ऑब्जेक्ट फाइल पडलेल्या आहेत. मग ऑटोजेन, कॉन्फिगर, मेक. आणि हो, फोल्डरचं नाव ‘दिवाळी अंक ओसीआर’ असं मोकळी जागा सोडून ठेवू नकोस. कॉन्फिगर पुढे जातो, पण लिबटूलला अशी नावं नीट झेपत नाहीत असा इशारा देतो. देवनागरी नाव चालतं, मधली जागा त्रास देते.

कॉन्फिगरऐवजी सीमेक वापरणारं सॉफ्टवेअर असेल तर अशा वेळी आणखी एक खबरदारी लागते. सीमेक पहिल्या वेळी जे शोधतो ते सीमेककॅश फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी पुन्हा शोधत नाही. तू कोंडा बंद केलास तरी तो जुनाच पत्ता सांगत राहील. तिथे बिल्ड फोल्डर पूर्ण उडवून नव्याने सुरू करायचं, अर्धवट साफसफाई कामाची नाही.

‘डेव्ह’बद्दल दोन शब्द, कारण नव्या माणसाची सर्वांत जास्त अडचण इथेच होते. उबुंटू आणि डेबियनमध्ये लायब्ररीचे दोन भाग करतात. चालवायला लागतो तो एक, आणि त्यावर बांधायला लागतो तो दुसरा, ज्यात हेडर आणि पीसी फाइल असतात. दुसऱ्याच्या नावाशेवटी ‘डेव्ह’ असतं, फेडोरात ‘डेव्हल’. कुठला हेडर कुठल्या पॅकेजमध्ये आहे हे नावावरून ओळखू नकोस, ‘एपीटी-फाइल सर्च’ने विचार. आणि उबुंटूमध्ये त्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असेलच तर ‘एपीटी बिल्ड-डेप टेसरॅक्ट’ एका फटक्यात जवळजवळ सगळं आणून देतो. त्यासाठी रिपॉझिटरीच्या यादीत सोर्सच्या ओळी, म्हणजे डेब-एसआरसी, सुरू असाव्या लागतात. मला विचारशील तर कुठलाही बिल्ड याच कमांडने सुरू करावा.

तुझा कम्पायलर जीसीसी 11 आहे, म्हणून तुला पुढचं बहुतेक भेटणार नाही. पण ताज्या डिस्ट्रोवर जुना सोर्स बांधणाऱ्यांना हमखास भेटतं. सोर्समध्ये काही बदललेलं नसतं, कम्पायलर बदललेला असतो. 2020 च्या जीसीसी 10 पासून एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइलमध्ये जाहीर केलं तर लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणतो, आधी चालून जायचं. जीसीसी 13 पासून काही सी प्लस प्लस हेडर दुसऱ्यांना आपोआप ओढून आणत नाहीत, म्हणून ‘यूइंट32_टी हा टाइप नाही’ असं येतं आणि सीएसटीडीइंट हा हेडर घातला की मिटतं. 2024 च्या जीसीसी 14 ने सी मध्ये जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं इशाऱ्यावरून थेट एररवर नेलं. 2025 च्या जीसीसी 15 मध्ये सी ची मूळ आवृत्तीच सी23 झाली, त्यामुळे ‘बूल’ हा शब्द स्वतःहून ठरवणारे जुने प्रोग्राम पडतात. स्टँडर्ड म्हणून जीएनयू17 दिला की बहुतेक उठतात. त्याच वर्षी सीमेक 4.0 ने 3.5 च्या आधीच्या प्रोजेक्टना आधार देणं बंद केलं. पायथन 3.12 मधून डिस्टयूटिल्स गेलं, म्हणून जुन्या बिल्ड स्क्रिप्ट ‘डिस्टयूटिल्स नावाचं मॉड्यूल नाही’ म्हणतात आणि सेटअपटूल्स टाकल्यावर चालतात. अशी एरर आली की सोर्सची तारीख आणि कम्पायलरची तारीख शेजारी ठेवून बघावी. मधे काय बदललं ते शोधलं की उपाय सापडतो.

तुझा लॅपटॉप ड्युअल बूट आहे असं लिहिलंयस, म्हणून एक खास आपल्याकडचा घोळ सांगते. मेक 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिला, आणि तेव्हापासून तो एकच गोष्ट बघतो: कुठली फाइल कुठलीपेक्षा नवी. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं. आपल्याकडे फरक साडेपाच तासांचा. इंटरनेट जोडून घड्याळ सुधारेपर्यंत लिनक्स साडेपाच तास पुढे असतं, आणि तेवढ्या वेळात तू ऑटोजेन किंवा कॉन्फिगर चालवलास तर तयार होणाऱ्या फाइलवर भविष्यातली वेळ बसते. नंतर मेक म्हणतो, ही फाइल इतके सेकंद भविष्यात आहे, ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’, बिल्ड अपुरा असू शकतो. तो आकडा 19,800 च्या आसपास किंवा थोडा खाली दिसला तर दुसरीकडे शोधू नकोस. साडेपाच तासांचे सेकंद बरोब्बर तेवढेच होतात. घड्याळ नीट कर, फोल्डर उडव, सोर्स पुन्हा उलगड.

मेमरीचं थोडक्यात. ‘किल्ड’ असा शब्द देऊन सीसी1प्लस (जीसीसीचा सी प्लस प्लस कम्पायलर) पडला तर कोडमध्ये काही चूक नाही, रॅम संपली आणि कर्नलने कम्पायलरला मारलं. 8 जीबीच्या लॅपटॉपवर जड सी प्लस प्लस प्रोजेक्ट असेल तर ‘-जे 2’ ने चालव आणि जेवून ये.

आता बिल्ड झाला, सुडो मेक इन्स्टॉलही झाला, असं धर. तरी तीन ठिकाणी ठेच लागेल. टेसरॅक्टने लगेच ‘लिबटेसरॅक्ट.एसओ.5 उघडता येत नाही’ म्हटलं तर ‘सुडो एलडीकॉन्फिग’ कर. नवी लायब्ररी यूएसआर-लोकलमध्ये आली हे लोडरच्या यादीत अजून चढलेलं नाही. आवृत्ती विचारल्यावर 4.1.1 च आलं तर एपीटीवाला जुना अजून आहे आणि बॅशने त्याचाच पत्ता लक्षात ठेवलाय. ‘हॅश -आर’ दिलंस की तो विसरतो. आणि ‘डेटा फाइल उघडता येत नाही’ म्हणून टेसडेटा-प्रीफिक्सचं नाव आलं तर मार.ट्रेनडडेटा ही मराठीची फाइल यूएसआर-लोकल-शेअरच्या टेसडेटा फोल्डरमध्ये ठेवायची राहिलीय. ब्राउझरने उतरवताना अनेकदा फाइलऐवजी तिचं वेबपान सेव्ह होतं, तेव्हा आकार बघून घे. काहीशे केबीच असेल तर ‘फाइल’ कमांडने विचार, एचटीएमएल म्हणाला की कळलंच.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. ‘एसओ.5 मिळत नाही’ म्हटल्यावर ‘एसओ.4 ला एसओ.5 नावाची लिंक करा’ असा सल्ला तुला कुठे ना कुठे मिळेल. करू नकोस. नावापुढचा तो आकडा आतली रचना बदलल्याची खूण असते. अनेक वर्षांपूर्वी मी एका चाचणी सर्व्हरवर अशी लिंक करून ठेवली होती. प्रोग्राम सुरू झाला, आठवडाभर चालला, आणि मग एका विशिष्ट फाइलवर आकडे चुकीचे यायला लागले. क्रॅश झाला असता तर पाच मिनिटांत सापडलं असतं. ते शोधायला दोन माणसांचे चार दिवस गेले, तोवर ते आकडे पुढे कोणाकोणाच्या अहवालात गेले होते.

एवढं करून अडलास तर मला कॉन्फिग.लॉग, बिल्ड.लॉग आणि ‘टाइप -ए’चं आउटपुट पाठव. फोटो नको, फाइलच पाठव. आणि सगळं चाललं तरी सोर्सचा फोल्डर लगेच उडवू नकोस. पुढे टेसरॅक्ट काढायचा झाला तर एपीटीला त्याची काहीच माहिती नाही. मेक अनइन्स्टॉल याच फोल्डरमधून चालवावा लागेल.